एका टायरपासून चार टायरच्या संचापर्यंत : सर्वचक्रचालित मोटारीतील टायर-बदलाच्या नियमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीचा एक टायर फाटला तर तेवढा एकच बदलावा, हा व्यवहारातील साधा संकेत आहे. तथापि, ज्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या अशा चारही चाकांना पोहोचविली जाते, त्या सर्वचक्रचालित मोटारीच्या मालकास अनेकदा एका टायरसाठी चारही टायर बदलण्याचा सल्ला दिला जातो. उरलेले तीन टायर आणखी काही हजार किलोमीटर चालण्याजोगे असताना ते टाकून द्यावे लागणे मालकास अन्यायकारक वाटते आणि या सल्ल्यामागे विक्रेत्याचा स्वार्थ असावा, अशी शंकाही त्याच्या मनात येते. ही शंका प्रत्येक वेळी निराधार असतेच असे नाही. परंतु मूळ नियम विक्रेत्याने निर्माण केलेला नाही. विसाव्या शतकातील यंत्ररचनेत टप्प्याटप्प्याने झालेल्या बदलांतून तो आकारास आला आहे.

प्रस्तुत लेखात या नियमाची ऐतिहासिक जडणघडण तपासण्यात आली आहे. लेखाची मांडणी पुढील प्रतिपादनावर आधारलेली आहे : चारही चाकांना शक्ती देण्याचा निर्णय प्रारंभी चालकाच्या हातात होता, पुढे तो यंत्राकडे गेला. निर्णय यंत्राकडे गेल्याने चालकाचे श्रम कमी झाले, परंतु टायरमधील लहानसहान फरक सांभाळून घेण्याची त्याची मुभाही त्याबरोबर संपली आणि त्या फरकाची किंमत मालकावर पडली.

नियमामागील यंत्रशास्त्र

वळणावर मोटारीचे बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असतील तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावे लागते. ही अडचण दूर करणारी दातेरी चक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशा योजनेचे एकस्व घेतले. एकाच ॲक्सलवरील दोन चाकांचा प्रश्न त्यामुळे सुटला. परंतु पुढचा व मागचा असे दोन्ही ॲक्सल इंजिनाला जोडले की तोच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहतो. कारण वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. दोन ॲक्सलांमधील हा फरक सामावून घेण्यासाठी मध्यभागी काही तरी व्यवस्था असणे आवश्यक ठरते. ती व्यवस्था कोणती, यावर टायर-बदलाचा नियम अवलंबून असतो.

वळणावरील फरक क्षणिक असतो. टायर असमान असतील तर मात्र सरळ रस्त्यावरही फरक कायम राहतो. २१५/६० आर १६ या प्रचलित मापाचा टायर उदाहरणादाखल घेता येईल. त्याचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २०८७ मिलिमीटर असतो. नव्या टायरवरील नक्षीची खोली ८ मिलिमीटर आणि जुन्या टायरवरील ४ मिलिमीटर मानल्यास जुन्या टायरची त्रिज्या ४ मिलिमीटरने आणि परीघ सुमारे २५ मिलिमीटरने कमी भरतो. हा फरक सव्वा टक्क्याहूनही थोडा कमी असल्याने वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु एक किलोमीटर अंतरात नवे चाक सुमारे ४७९ फेरे घेते, तर झिजलेले चाक सुमारे ४८५. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ सहा फेऱ्यांचा फरक पडतो. मुंबई-पुणे हा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास धरला तर तो फरक पावणेनऊशे फेऱ्यांच्या घरात जातो. पुढचे दोन्ही टायर नवे आणि मागचे दोन्ही जुने असतील तर हा सारा फरक मधल्या यंत्रणेवर येतो. एकच टायर नवा असेल तर डिफरन्शियल त्या ॲक्सलवरील दोन चाकांची सरासरी घेते; त्यामुळे मधल्या यंत्रणेवरील भार निम्मा होतो, पण त्या ॲक्सलचे डिफरन्शियल अखंड फिरत राहते. थोडक्यात, असमान टायर लावलेली मोटार सरळ रस्त्यावरही कधीच न संपणारे वळण घेत असते.

प्रारंभीचे प्रयोग आणि ‘स्टेपनी’

चारही चाकांना शक्ती देण्याची कल्पना मोटारयुगाच्या आरंभाइतकी जुनी आहे. १९०० साली फर्डिनांड पोर्शे यांनी चारही चाकांच्या तुंब्यांत स्वतंत्र विद्युत मोटर बसविलेली लोनर-पोर्शे गाडी तयार केली. तिच्या चाकांमध्ये यांत्रिक जोड नसल्याने टायरमधील फरकाचा भार कोणत्याही दातेरी चक्रावर येत नव्हता. १९०३ साली नेदरलँड्समधील स्पाइकर बंधूंनी सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर चालणारी चतुश्चक्रचालित मोटार उभारली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाकाव व विल्यम बेसरडिश यांनी याच दिशेने केलेल्या प्रयत्नांतून निघालेल्या कंपनीचे मालट्रक पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने वापरले गेले.

याच काळात टायर-बदलाच्या सवयीही घडत होत्या. प्रारंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाल्यास टायर रस्त्यातच उतरवून दुरुस्त करावा लागे. १९०४ साली वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसह येणारी धाव बाजारात आणली. पंक्चर झालेल्या चाकावर ती पकडींनी आवळून पुढचा प्रवास करता येई. त्यांचे दुकान ज्या स्टेपनी स्ट्रीटवर होते त्या रस्त्याचे नाव या धावेला मिळाले. मूळ वस्तू काही दशकांतच लोप पावली. ‘स्टेपनी’ हा शब्द मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूढ झाला. एक चाक निकामी झाले तर तेवढेच बदलून पुढे निघता येते, ही धारणा या शब्दाबरोबरच रुजली असे म्हणता येईल. दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींच्या बाबतीत ही धारणा बहुतांशी योग्यही होती.

जीप : चालकाच्या हातातील निर्णय

चतुश्चक्रचालन सर्वसामान्यांपर्यंत नेले ते दुसऱ्या महायुद्धातील जीपने. अमेरिकन सैन्याच्या मागणीनुसार बँटम कंपनीने पेन्सिल्व्हेनियातील बटलर येथे तयार केलेला पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी बाल्टिमोरजवळील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोहोचला. पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या.

जीपमध्ये पुढच्या व मागच्या ॲक्सलांच्या मध्ये डिफरन्शियल नव्हते. चालकाने तरफ ओढली की दोन्ही ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडले जात. तरफ सोडली की केवळ मागची चाके इंजिनाला जोडलेली राहत. कोरड्या, कठीण रस्त्यावर तरफ ओढलेलीच ठेवली तर दोन ॲक्सलांच्या फेऱ्यांतील फरकाला वाट मिळत नसे. शाफ्टमध्ये पीळ साठत जाई, तरफ अडकून बसे आणि टायर वेगाने झिजत. चिखलात किंवा वाळूत मात्र चाके थोडी घसरून हा पीळ आपोआप सुटत असे. म्हणूनच पुढची चाके केवळ खडतर जमिनीवर, निसरड्या रस्त्यावर किंवा चढावर जोडावीत, अशी शिकवण सैनिकी चालकांस दिली जात असे.

या शिकवणीमागे केवळ यंत्राची काळजी नव्हती. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज ताब्यात घेतल्यावर अमेरिकेला होणाऱ्या नैसर्गिक रबराच्या पुरवठ्याचा सुमारे ९० टक्के भाग तुटला. जानेवारी १९४२ पासून अमेरिकेत नव्या टायरवर नियंत्रण आले. नागरिकांस प्रत्येक मोटारीमागे पाचच टायर बाळगण्याची मुभा उरली आणि टायर वाचविण्यासाठी वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर इतकी खाली आणण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस देशभर लागू झालेल्या पेट्रोल-नियंत्रणाचा एक प्रमुख हेतूही पेट्रोलपेक्षा रबर वाचविणे हा होता. ज्या काळात एकेका टायरचा हिशोब ठेवला जात होता, त्या काळात एका टायरसाठी चार टायर टाकून देण्याची कल्पनाही कोणास मानवली नसती. जीपच्या रचनेत तशी गरजही नव्हती. टायर असमान असले तरी तरफ सोडून मागच्या चाकांवर गाडी चालविता येत होती.

युद्धानंतर हा निर्णय चालकाच्या आणखी जवळ आला. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपसाठी पुढच्या चाकांचे तुंबे हाताने जोडण्याची व सोडण्याची सोय काढली. तुंबे सोडले की पुढच्या ॲक्सलचे दांडे व शाफ्ट चाकांबरोबर फिरेनासे होत आणि अनावश्यक झीज टळे.

भारतीय रस्त्यांवर

स्वातंत्र्यप्राप्तीच्या आसपास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी करण्यास प्रारंभ केला आणि पुढील काही दशके शासकीय खाती, पोलीस दल, वनविभाग व पाटबंधारे प्रकल्प यांच्या कामांत जीप हे परिचित वाहन ठरले. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही याच परंपरेतील, तरफेने पुढची चाके जोडणारी गाडी होती. या वाहनांच्या चालकांस मधल्या डिफरन्शियलचे शास्त्र शिकविले गेले नसले, तरी डांबरी रस्ता लागताच तरफ सोडावी हे ते अनुभवाने जाणत. पाचही टायर आलटून पालटून वापरणे, झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवून घेणे आणि ट्रकच्या मागील जोडचाकांत सारख्या उंचीचेच टायर एकत्र बसविणे, या भारतीय वाहनव्यवहारातील जुन्या प्रथा होत. जोडचाकांपैकी एक टायर लहान असेल तर मोठ्यावर अधिक भार येतो आणि लहान टायर घासत जातो, हे जाणणाऱ्या वाहनचालकास सर्वचक्रचालित मोटारीचा नियम समजणे अवघड नाही. दोन्हींमागील तत्त्व सारखेच आहे.

कायम चालन आणि मधले डिफरन्शियल

मोटार रस्त्यावरही सुरक्षित राहावी म्हणून चारही चाके कायम जोडलेली ठेवण्याचा विचार ब्रिटनमध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनसंस्थेने पुढे नेला. १९६६ साली आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीत ही पद्धती वापरली गेली. तिचे उत्पादन मात्र ३२० गाड्यांवरच थांबले. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मध्यभागी डिफरन्शियल बसवून ते गरजेनुसार जखडण्याची सोय करण्यात आली. १९८० साली जिनिव्हा प्रदर्शनात सादर झालेल्या ऑडी क्वात्रोने हीच कल्पना वेगवान प्रवासी मोटारीत आणली.

मुक्त फिरणारे मधले डिफरन्शियल टायरमधील थोडा फरक सहन करू शकते, कारण फेऱ्यांतील फरक सामावून घेणे हेच त्याचे कार्य आहे. मात्र ते वळणापुरते काम करण्यासाठी घडविलेले असते. त्यास अहोरात्र फिरते ठेवले तर झीज वाढते. शिवाय एक चाक निसरड्या जागी घसरू लागले तर मुक्त डिफरन्शियल सारी गती त्याच चाकाकडे जाऊ देते. हा दोष घालविण्यासाठी ते जखडणे किंवा त्याच्या मुक्ततेवर मर्यादा घालणे आवश्यक झाले. येथून नियम कडक होऊ लागला.

द्रवावर व संगणकावर सोपविलेला निर्णय

१९७९ साली बाजारात आलेल्या अमेरिकेतील एएमसी ईगल या मोटारीत व्हिस्कस कपलिंगचा वापर झाला आणि १९८० च्या दशकात फोक्सवागनच्या सिंक्रो गाड्यांसह अनेक मोटारींत हे साधन पसरले. बंद डब्यात एकाआड एक बसविलेल्या चकत्या आणि त्यांमध्ये दाट सिलिकॉन द्रव, अशी त्याची रचना असते. पुढच्या व मागच्या शाफ्टच्या वेगात फरक पडला की चकत्या द्रवात एकमेकींच्या सापेक्ष फिरतात, द्रव तापतो आणि शक्ती दुसऱ्या ॲक्सलकडे जाऊ लागते. चालकाने काही करावे लागत नाही. परंतु हे साधन फरकाचे कारण ओळखू शकत नाही. चाक बर्फावर घसरल्यामुळे पडलेला फरक आणि टायर झिजल्यामुळे पडलेला फरक त्यास सारखाच वाटतो. टायर असमान असतील तर द्रव सतत तापत राहतो आणि कालांतराने कपलिंग निकामी होते किंवा कायमचे आवळून बसते.

जपानमधील सुबारूचा प्रवास या संदर्भात बोधप्रद आहे. १९७२ च्या लिओन इस्टेट गाडीत मागची चाके चालकच जोडत असे. पुढे स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत चकत्यांच्या क्लचमार्फत हे काम यंत्रणेकडे गेले. मात्र तात्पुरते लहान सुटे चाक लावावे लागल्यास मागच्या ॲक्सलचा जोड बंद करता यावा, म्हणून अशा अनेक गाड्यांत बॉनेटखाली एक रिकामा खाचा ठेवलेला असे. त्यात फ्यूज बसविला की गाडी केवळ पुढच्या चाकांवर चालत असे. जीपच्या तरफेचे काम येथे एका लहानशा फ्यूजने केले. १९९८ पासून ऑडी टीटी व फोक्सवागन गोल्फमध्ये आलेल्या हॅल्डेक्स कपलिंगने हा निर्णय संगणकाच्या स्वाधीन केला. चाकांचा वेग मोजणारे संवेदक व तेलाच्या दाबावर आवळणारा क्लच यांच्या साहाय्याने ही यंत्रणा काम करते. भारतातही महिंद्र एक्सयूव्ही ५०० (२०११) व रेनो डस्टर (२०१४) यांच्या काही आवृत्त्यांतून स्वयंचलित सर्वचक्रचालन मध्यमवर्गीय कुटुंबापर्यंत पोहोचले. तरफ सोडण्याची सवय असलेल्या समाजात आता तरफच नसलेली मोटार आली.

एक टायर की चार : व्यवहारातील विवेक

चारही टायरचा परीघ सारखा असावा, ही अपेक्षा या क्रमातून उत्पादकांच्या सूचनांमध्ये आली. काही उत्पादक परिघातील फरक पाव इंचापर्यंत, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटरपर्यंतच मान्य करतात. नक्षीच्या खोलीच्या भाषेत तो फरक जेमतेम एक मिलिमीटर होतो. अन्य काही सूचनांत खोलीतील फरक २/३२ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो. यावरून हा नियम सर्व मोटारींना एकसारखा लागू नाही, हे स्पष्ट होते. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादाच प्रमाण मानावी लागते.

या मर्यादेच्या आधारे मालकासमोरील पर्याय ठरविता येतात. पहिला पर्याय दुरुस्तीचा. नक्षीच्या मधल्या भागात सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र आतून योग्य रीतीने बुजविता येते. बाजूच्या भिंतीवरील इजा मात्र दुरुस्त करण्याजोगी नसते. दुसरा पर्याय एकच टायर बदलण्याचा. उरलेल्या तीन टायरची झीज मर्यादेच्या आत असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा व त्याच नक्षीचा टायर घेणे पुरेसे होते. तिसरा पर्याय अल्पपरिचित आहे. मोटारशर्यतींच्या क्षेत्रातील प्रथेनुसार नवा टायर यंत्रावर खरवडून त्याच्या नक्षीची खोली उरलेल्या टायरइतकी करता येते. नवे रबर हेतुपुरस्सर वाया घालविणे विचित्र वाटते, परंतु तीन चांगले टायर फेकण्यापेक्षा ते कमी खर्चाचे ठरते. ही सेवा मात्र सर्वत्र उपलब्ध नसते. हे पर्याय संपल्यावरच संपूर्ण संच बदलण्याचा प्रश्न उद्भवतो. दोनच टायर बदलावेत असा सामान्य मोटारीतील मधला मार्ग येथे उलट धोक्याचा ठरू शकतो. कारण पूर्वी पाहिल्याप्रमाणे एका ॲक्सलवर दोन नवे टायर आल्यास मधल्या यंत्रणेवर पूर्ण फरकाचा भार पडतो.

प्रतिबंधाचा उपाय जुनाच आहे. टायर ठरावीक अंतराने पुढे-मागे फिरवून लावणे आणि हवेचा दाब सारखा ठेवणे, यांमुळे चारही टायर एकत्र झिजतात. जादा चाक पूर्ण मापाचे असेल तर त्यालाही या फेरपालटात घेतल्यास अडचणीच्या वेळी सारख्याच झिजेचा पाचवा टायर हाताशी राहतो. लहान मापाचे तात्पुरते चाक देण्याच्या प्रथेमुळे मात्र हा पर्याय अनेक मोटारींत उरलेला नाही.

समारोप व निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) चार टायर एकसारखे असावेत हा नियम यंत्रशास्त्रावर आधारलेला आहे. त्याची कठोरता मात्र दोन ॲक्सलांमधील जोड कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे. त्यामुळे कोणत्याही मोटारीस चारही टायर बदलण्याचा सल्ला सरसकट देणे समर्थनीय नाही. नक्षीची खोली मोजणे ही त्याची पूर्वअट आहे.

२) जीपच्या काळात चालकाला तरफ कधी सोडावी याचे ज्ञान असणे आवश्यक होते आणि त्या ज्ञानामुळे टायरची बचत होत असे. स्वयंचलित यंत्रणेत हे ज्ञान अनावश्यक झाले. परंतु यंत्राचे रक्षण करण्यासाठी टायर वाया घालविण्याची वेळ आली. १९४२ मध्ये रबर वाचविण्यासाठी यंत्राचा वापर आवरला गेला, तर पुढच्या पिढीत यंत्र वाचविण्यासाठी रबराचा त्याग होऊ लागला. या उलटापालटीची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात घेणे आवश्यक आहे.

३) सुबारूच्या फ्यूजसारखी अल्पखर्चाची सोय असमान चाकाच्या प्रसंगी यंत्रणा सुरक्षित ठेवू शकत होती. यावरून मालकावरील भार अपरिहार्य नसून तो रचनाकाराच्या निवडीशीही निगडित आहे, असे दिसते.

४) पुढच्या व मागच्या ॲक्सलांना स्वतंत्र विद्युत मोटर असलेल्या आधुनिक मोटारींत दोन ॲक्सलांमध्ये यांत्रिक जोड नसतो. १९०० च्या लोनर-पोर्शेची कल्पना येथे नव्या रूपात परतली आहे. असमान टायरमुळे पीळ खाणारा शाफ्ट किंवा तापणारे कपलिंग या मोटारींत राहत नाही. तथापि चाकांच्या वेगावर लक्ष ठेवणाऱ्या ब्रेक व स्थिरता-नियंत्रण यंत्रणांसाठी समान टायरची अपेक्षा कायम आहे.

सर्वचक्रचालित मोटारीचा मालक टायरच्या दुकानात उभा राहून जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर दोन ॲक्सलांमधील जोडाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. तो जोड कोणत्या प्रकारचा आहे हे जाणून घेऊन मगच त्याने एक टायर घ्यावा की चार, हे ठरविणे इष्ट होय.